रंधा मारलेला समुद्र

सलग तिसऱ्या रविवारी सुताराने दुकान बंद ठेवलं, लाटांवर चालवायची फळी काखेत मारली आणि किनारा गाठला. अंदाज होता दीड मीटर लाटांचा आणि जमिनीकडून येणाऱ्या, लाटांना साजेशा वाऱ्याचा. समोर समुद्र रंधा मारल्यासारखा सपाट पडला होता आणि वाऱ्याचा पत्ता नव्हता.

त्याचं डोकं सटकलं. हवामान कार्यालयात नोकरी करणाऱ्या वहिनीला त्याने तिथूनच फोन लावला.

"तुमचं यंत्र अंदाज बांधतं की पुड्या सोडतं? तीनदा तोंडघशी पाडलंत मला."

"भाऊजी, जरा दमानं घ्या. त्या किनाऱ्यावर आमचं उपकरणच नाही. तिथला एकजण दोन वर्षं रोज ॲपवर लाटा आणि वारा कळवतो. यंत्र त्यावरूनच शिकतं."

"मग त्या गाढवाला आधी हाकला. आंधळा आहे का तो?"

"हाकलू कशी? एका दिवसाचा खाडा नाही त्याचा. नावही गमतीचं घेतलंय, 'रंधा'."

ते नाव सुताराचंच होतं. बाहेरच्यांनी गर्दी करू नये म्हणून लाटा उत्तम असल्या की तो ॲपवर 'समुद्र सपाट' लिहायचा, आणि समुद्र सपाट असला की 'दीड मीटर, जमिनीकडून वारा, लवकर या'. त्याला वाटायचं, हे फक्त बाहेरचेच वाचतात.

"हाकलाच त्याला," तो दातओठ खात म्हणाला. "एक नंबरचा लबाड आहे मेला."

"ओळखता वाटतं," वहिनी म्हणाली.