तार नसलेलं कुंपण

लोविना टटल आणि तिचा धाकटा दीर ऑरिन यांच्यात अकरा वर्षांत एकही गोड शब्द झाला नव्हता, आणि दोघांनाही त्याचा अभिमान होता. व्हरमाँटच्या आमच्या डोंगरात भांडण लोणच्यासारखं जपतात. झाकण घट्ट लावायचं आणि मुरू द्यायचं.

भांडण डोंगराच्या एका उताराचं होतं, तिथल्या कुरणाचं. सासऱ्यानं मरताना तो उतार थोरल्याला, म्हणजे लोविनाच्या नवऱ्याला दिला. पुढे नवराही गेला. उतार राहिला, आणि उतारावर लोविनाची अठरा डुकरं. मोकळी. उन्हात लोळायची, झाडाखाली पडलेलं खायची, दर आठवड्याला नव्या गवतावर जायची. खालचा ओढा असा नितळ की त्यातला मासा पाहून मांजर घरातल्या घरात मिटक्या मारायचं. ऑरिनच्या तीनशे गायींनी मात्र जन्मात आभाळ पाहिलं नव्हतं. बंद गोठ्यातच त्यांचं सगळं, आणि गोठ्यामागे पातळ शेणाचा खड्डा. कावळे त्याला वळसा घालून जात. एका कावळ्याला घाई होती, तो सरळ वरून गेला आणि तीन दिवस बेशुद्ध होता. खड्डा काठोकाठ भरला होता आणि ते शेण ओतायला ऑरिनला वहिनीचा उतार हवा होता.

मागून मिळेना, तेव्हा त्यानं गावाच्या कुंपण-पंचांकडे तक्रार नेली. म्हणे वहिनीचं कुंपण म्हणजे विजेच्या दोन तारा; डुकरं आज ना उद्या माझ्या मक्यात शिरणार. हे पंच आमच्याकडे दर मार्चच्या गावसभेत निवडतात आणि मग वर्षभर त्यांना कुणी विचारत नाही. पण बोलावलं तर त्यांचा शब्द शेवटचा. कुंपण कच्चं ठरलं तर डुकरं कोंडायची. लोविनाकडे कोंडायला जागा नव्हती. म्हणजे डुकरं विकायची, आणि डुकरं गेली की उतार सांभाळायला तिच्या हातात काही उरत नव्हतं. हे सगळं ऑरिनला पाठ होतं.

पंच सोमवारी दहाला येणार होते. लोविना सकाळी चीजवाल्याकडे गेली, डुकरांसाठी चीज करून उरलेलं पाणी आणायला. साडेनऊला परतली तर कुंपण नव्हतं. तार नाही, खुंट नाहीत, बॅटरी नाही. गवतात खुंटांची भोकं तेवढी राहिली होती. आणि पलीकडे मक्याच्या कडेला ऑरिन, हातात सफरचंदांची बादली.

लोविनानं पाण्याचे डबे खाली ठेवले. मग तिनं डुकरांकडे पाहिलं.

अठराच्या अठरा डुकरं, जिथं काल तार होती तिथून वीतभर मागे, ओळीनं उभी होती. एकाचंही नाक पुढे नव्हतं.

झालं होतं असं, की एप्रिलात डचेस नावाची थोरली डुकरीण नाकानं तारेला भिडली होती. झटका बसल्यावर तिनं अशी किंकाळी फोडली की पलीकडच्या खोऱ्यातल्या चर्चची घंटा आपोआप वाजली आणि दोन माणसं अंघोळ अर्धी टाकून प्रार्थनेला येऊन बसली. त्या दिवसापासून तारेच्या ओळीपलीकडे जग आहे हेच डुकरांना मान्य नव्हतं. तारेत डुकरं पाळलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं: तार काढून नेली तरी ओळ जागेवरच राहते. पण ऑरिननं जन्मभर भिंतीतली जनावरं पाळलेली. त्याला कोण सांगणार?

"वहिनी, तुमची डुकरं आजारी दिसतात," तो म्हणाला.

"आजारी नाहीत, भावजी. वळण आहे त्यांना. तुमच्या घराण्यात मी आले तोवर ते संपलं होतं."

ऑरिननं सफरचंदं फेकली. डुकरं बघत राहिली. त्यानं मक्याची कणसं मेपलच्या पाकात बुडवून ओळीपलीकडे मांडली. डुकरांना अशी लाळ सुटली की खालचा ओढा दोन बोटं चढला, पण पाऊल कुणी टाकलं नाही. दहाला पाच कमी असताना त्याचं डोकं फिरलं. तो सरळ आत घुसला, डचेसला मागून मिठी घातली आणि लोटायला लागला. ती ओळ जवळ येताना पाहून डचेस बसली. त्याच्या पायावर. पाच मणांची बाई ती.

अशातच पंचांचा ट्रक आला. तिघांत बोलणाऱ्या एकट्या झिल्फा क्रेनबाई. त्यांनी या दोघांनाही शाळेत गणित शिकवलं होतं. उरलेले दोघे मान हलवायला होते.

"ऑरिन, तू तिथं काय करतोयस?"

"कुंपण नाही हे दाखवतोय, बाई. तुम्हीच सांगा, दिसतंय का कुठं?"

"नाही दिसत."

"मग तसं लिहा, आणि हिला उठवा."

'चोर' हा शब्द लोविनाच्या दातांपर्यंत आला होता. पण पुरावा नव्हता, म्हणून तिनं तो गिळला आणि बाईंना विचारलं, डब्यात काय आणलंय. डोनट होता. तो मागून घेऊन तिनं ओळीपलीकडे हातभर अंतरावर ठेवला आणि म्हणाली, थांबा पाच मिनिटं.

पाचाची पंधरा झाली. सतरा डुकरं डोनटकडे पाहून विधवेसारखी रडली. अठरावी ऑरिनच्या पायावर बसून रडली. डोनट मुंग्यांनी नेला.

क्रेनबाईंनी वही उघडली. "जनावर अडवतं ते कुंपण. हे अडवतं. माझ्यासमोर ओळ एकाच प्राण्यानं ओलांडलीय आणि तो डुक्कर नाही. शिवाय सामाईक हद्दीवर कुंपण अर्धं अर्धं घालायचं असतं. लोविनाचं अर्धं पुरं झालं. तुझं अर्धं कुठंय?"

ऑरिन डचेसखालून पाय ओढायला लागला. त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, त्या डोनटवाल्या नव्हत्या.

"दगडी भिंत घाल. पहिल्या बर्फाच्या आत."

घातली त्यानं. रोज सकाळी लोविना कॉफी घेऊन अलीकडे बसायची, त्याला घोटभरही विचारायची नाही, फक्त कुठला दगड तिरपा बसलाय ते सांगायची. तोही म्हणायचा, अजून हातभर चढवतो, म्हणजे तुमचं तोंड दिसायचं नाही. ती म्हणायची, चढवा की, पुण्य लागेल.

शेवटचा दगड बसला त्या दिवशी थंडी अशी पडली होती की शिव्या तोंडातून निघताच गोठून खाली टपटप पडत होत्या. ऑरिन भिंतीवरून वाकला आणि वहिनीच्या दिशेनं थुंकला. त्याच क्षणी लोविनाही थुंकली. दोन्ही थुंक्या भिंतीच्या बरोबर वर एकमेकींना भिडल्या आणि जागीच गोठल्या.

अर्धी तिची, अर्धी त्याची. दुसऱ्याच्या मालाला हात लावायला दोघंही तयार नव्हती, म्हणून ती गोठलेली थुंकी एप्रिलपर्यंत तशीच होती.