वरीलप्रमाणे

मी एका धरणाचा मालक आहे. हे वाक्य मी आयुष्यात दोनदाच उच्चारलं आणि दोन्ही वेळा ऐकणाऱ्याला ठसका लागला. त्यांचं काही चुकलं नाही. दाराला धक्का लागला तरी 'माफ करा' म्हणणारा माणूस मी. चाळीस वर्षं वाचनालयात पुस्तकं लावली, तीही पुस्तकांना राग येणार नाही अशा बेताने.

धरण बांधलं माझ्या दादाने, त्याच्या फळबागेसाठी. मातीचं, दोन मजले उंच, मागे भरलेलं तळं. दादा गेला आणि कागदांवर माझं नाव लागलं. मी धरणाच्या माथ्याशेजारच्या खोलीत पुस्तकं घेऊन राहायला आलो. वहिनी पायथ्याच्या त्यांच्या घरातच राहिल्या. म्हणजे पाणी माझं आणि त्याखालचं डोकं वहिनींचं, अशी आमची वाटणी.

खाजगी धरणाच्या मालकाने दर महिन्याला ते पायी फिरून पाहायचं आणि नोंदवहीत लिहायचं, असा नियम आहे. पहिल्या पानावर दादाच्या अक्षरात होतं: 'माथ्याला भेगा नाहीत. झडप फिरते. खालचा उतार कोरडा.' माथा आणि झडप माझ्या वाचायच्या बाकापासून दहा पावलांवर. भेगा मी मनापासून शोधायचो, पाणी सोडायच्या झडपेचं चाक न चुकता फिरवून बघायचो. उतार मात्र फार उभा. तो मी वरूनच वाकून पाहायचो, वाचायच्या चष्म्यातून. मग सुवाच्य अक्षरात लिहायचो, 'वरीलप्रमाणे'. अकरा वर्षं लिहिलं.

मागच्या महिन्यात सरकारी तपासणीला आलेल्या मॅडम माझ्या नातीच्या वयाच्या होत्या. पायात चिखलाचे बूट, हातात फळी आणि तिला अडकवलेला कागद. वही उघडून म्हणाल्या, "काका, अक्षर काय सुंदर आहे हो!"

मी लाजलो. वाचनालयातसुद्धा माझं एवढंच कौतुक व्हायचं.

त्या पानं उलटू लागल्या. एक वर्ष, दोन वर्षं. हळूहळू त्यांचं हसू मावळलं. "हे वरीलप्रमाणे म्हणजे नक्की कशाप्रमाणे?"

"त्याच्या वरच्याप्रमाणे."

"आणि ते?"

आम्ही दोघं मागे मागे जात पहिल्या पानावर पोचलो. तिथे दादा होता. "म्हणजे हा उतार कोरडा आहे, असं अकरा वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाने सांगितलंय," मॅडम म्हणाल्या. "चला खाली."

त्या बकरीसारख्या उतरल्या. मी निम्म्या उतारापर्यंत उभा होतो, उरलेला बसून उतरलो. वहिनी ओट्यावर भांडी घासत होत्या. "अगबाई, भाऊजी! वाट चुकलात की पुस्तक घरंगळलं?"

मॅडमचं लक्ष वहिनींच्या परसाकडे होतं. बाकी सगळं गवत वाळलेलं, पायथ्याशी एकच पट्टा हिरवागार. त्यातून करंगळीएवढी धार वाहत होती. "हे कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. यांना सांगितलं होतं की मी."

सांगितलं होतं, खरंच. मी तेव्हा खोलीत जाऊन तीन पुस्तकं चाळली आणि माथ्यावरून ओरडून सांगितलं, "वहिनी, प्रत्येक मातीचं धरण थोडं पाझरतंच!" पुस्तकात पुढे आणखी एक ओळ होती: पाझर गढूळ झाला तर धरण आतून पोखरलं जातंय असं समजावं. तिच्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती. रेघ मारली की काम झालं, असं मला वाटत आलंय.

"पाणी पहिल्यापासून असंच?" मॅडमनी विचारलं.

वहिनींनी हात पुसले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बोट दाखवलं. फळीवर काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. "दर सोमवारी एक भरते, सगळ्यात जुनी ओतून. पूर्वी बरणी भरेपर्यंत माझी दहा भांडी घासून व्हायची. आता तीन."

पहिल्या बरण्या नितळ. शेवटच्या दोन बरण्यांच्या तळाशी बोटभर माती बसलेली.

"मला परत का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं, भाऊजी? म्हटलं, कधीतरी कोणी उतरणारं माणूस येईल."

मॅडम आता काका म्हणत नव्हत्या. "बाई, कपडे घ्या आणि वर जा. आत्ताच. पाणी खाली जाईपर्यंत इथे कुणी झोपायचं नाही." मग माझ्याकडे वळून, "झडप तरी फिरते ना? की तीही वरीलप्रमाणे?"

मी हातापायांवर उतार चढलो. चाक धरलं. ते लोण्यासारखं फिरलं. अकरा वर्षांत मी खरोखर केलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक, आणि तीही झडप वर होती म्हणून. पलीकडच्या नाल्यात पाणी गरजत पडू लागलं, तेव्हा मी बाकावर बसलो. त्या बाकावर मी पहिल्यांदाच पुस्तकाशिवाय बसलो होतो. समोर वहिनी गाठोडं आणि बरण्या घेऊन चढत होत्या. मध्ये श्वास घ्यायला थांबल्या. आणखी एखादं पान मी तसंच लिहिलं असतं, तर काय झालं असतं हे कळायला मला पुस्तक लागलं नाही.

नऊ दिवस वहिनी माझ्या खोलीत राहिल्या आणि मी व्हरांड्यात. तळं निम्मं झालं, धार बारीक झाली, मग नितळ. पायथ्याशी माती अडवणारा वाळू-खडीचा थर घातला गेला. तो पक्का ठरेपर्यंत तळं निम्मंच ठेवायचं, असा लेखी हुकूम आला. सोबत नवी नोंदवही, आता दर सोमवारी लिहायची.

पहिल्या सोमवारी मी बसत बसत उतरलो आणि लिहिलं: 'खालचा उतार ओला. पाणी नितळ. बरणी भरेपर्यंत नऊ भांडी.'

दुसऱ्या सोमवारी गुडघे ठणकत होते. बाकावर वही उघडली. आठवड्यात काय एवढं बदलणार? लेखणी आपोआप 'व'कडे वळली.

खालून आवाज आला, "भाऊजी, मी भांडी घासायला घेतलीत. बरणी तुमच्या हाताने लावायचीय!"

मी वही मिटली आणि उतारावर बसलो.