झाकण धरून वाचलेले पुस्तक

मित्रांनो, माझे वय चौदा. तुमच्यात चौदा वर्षांचे मूल आठवी-नववीत असते. आमच्यात चौदा वर्षांचा लॅपटॉप म्हणजे पणजोबा. गिरगावात, खोताच्या वाडीतल्या एका लाकडी घराच्या माडीवर, खिडकीलगतच्या टेबलावर मी असतो. माझी बॅटरी मेली आहे, त्यामुळे वायर जरा हलली की मी बंद पडतो. ‘ठ’ची कळ निखळली आहे. माझ्या झाकणाची बिजागरी मोडली आहे. कोणी हाताने झाकण एका विशिष्ट कोनात धरले, तरच पडद्यावर अक्षरे दिसतात. सोडले की अंधार. हे सगळे मी तक्रार म्हणून सांगत नाही. जे आहे ते सांगतो.

मला कुठे बनवले ते आठवत नाही. माझी पहिली आठवण लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानाची आहे. तिथून मला बावीस वर्षांच्या रॉयस्टनने घरी आणले, आपल्या आईसाठी. त्याची आई म्हणजे सेलिना टीचर. गिरगावातल्या एका शाळेत त्या मराठी शिकवत आणि रिकाम्या वेळी लिहीत.

“मम्मा, आता वह्या बंद. ह्याच्यात लिही,” रॉयस्टन म्हणाला.

“ह्याच्यात मराठी येतं?”

“आणतो ना. तुला टायपिंग क्लासमध्ये शिकवलेलं, तस्संच आणतो.”

आणि खरेच त्याने शोधून शोधून एक मराठी फॉन्ट माझ्यात घातला. टाइपरायटरवर ‘क’ जिथे होता, तिथेच ‘क’ आला. टीचरची बोटे पहिल्याच दिवशी न अडखळता चालली. दोन वर्षे माझे दिवस चांगले गेले. टीचरचे लेख दिवाळी अंकांत आले. शाळेत त्या मला घेऊन जात, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळे माझ्याभोवती जमत.

मग एका गुरुवारी सकाळी रॉयस्टन मोटरसायकल घेऊन गेला आणि रे रोडला, लाकडाच्या वखारींच्या वळणावर, ट्रकखाली आला. तो चोवीस वर्षांचा होता.

त्यानंतर सात महिने मला कोणी उघडले नाही. आठव्या महिन्यात टीचर आल्या, खुर्ची ओढली आणि लिहायला बसल्या. बोटे पूर्वीसारखीच चालत होती. फक्त चूक झाली, की पूर्वी त्या “अगो बाई” म्हणत, ते आता म्हणत नव्हत्या. चूक खोडायच्या, पुढे जायच्या.

रॉयस्टनचे वडील वॉल्टर अंकल गोदीतल्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मुलगा गेला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली. ते खाली ओट्यावर बसत. माडीवर येत नसत. बायको काय लिहिते, हे त्यांनी कधी विचारले नाही. जेवताना खालून आवाज येई तो एवढाच.

“मीठ.”

“हं.”

भांडण नव्हते, मित्रांनो. रडणेही नव्हते. रविवारी दोघे चर्चमध्ये मासला शेजारी बसत आणि शेजारी चालत परत येत. रॉयस्टनचे नाव मात्र त्या घरात कोणी घेत नसे.

अशी बारा वर्षे गेली. टीचर निवृत्त झाल्या. त्या वाडीबद्दल, शाळेबद्दल, आपल्या लोकांच्या लग्नांबद्दल आणि घराबद्दल एक मोठे पुस्तक लिहीत होत्या. आणि मी म्हातारा होत होतो. एक पान उघडायला मला इतका वेळ लागे, की टीचर तेवढ्यात खाली जाऊन चहा टाकून येत. एकदा लिहिलेली सहा पाने मी गिळली. त्या दिवशी त्यांनी मला टेबलावर जोरात आपटले. मग ती सहा पाने पुन्हा लिहिली.

“टीचर, ह्याचा पार्ट आता मिळत नाय,” दुरुस्ती करणारा विनीत दर खेपेला सांगे. “म्युझियममध्ये द्या. नवा घ्या.”

“नव्यात माझा फॉन्ट येतो?”

“तो नाय येणार. तो फॉन्टच संपला.”

“मग राहू दे.”

त्यांची भाची फ्लॅविया प्रेमळ होती. तिने एक टॅब आणून दिला. टॅबला टीचरपेक्षा जास्त मराठी येत होते. त्या ‘लुगडं’ लिहीत, तो ‘लंगडं’ करी. मग फ्लॅवियाने मोबाइलवर बोलून लिहायला शिकवले. टीचर स्पष्ट उच्चारात म्हणाल्या, “खोताची वाडी.” मोबाइलने लिहिले, ‘कोटाची गाडी’. तीनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्याने ‘कोणाची दाढी’ लिहिले. फ्लॅविया हसून हसून वाकली. टीचर हसल्या नाहीत. त्यांनी मोबाइल उशीखाली ठेवला आणि माझ्याकडे आल्या.

शेवटी पुस्तक पुरे झाले. दोनशे बारा पाने. दादरच्या एका छोट्या प्रकाशनातल्या दीपिका नावाच्या संपादिकेने ते मागितले. विनीतने माझ्यातून फाइल काढून पाठवली. त्याच खटपटीत पेनड्राइव्ह लावायचे माझे शेवटचे चालू छिद्र निकामी झाले आणि झाकणाची बिजागरीही मोडली. दुसऱ्या दिवशी दीपिकाचा फोन आला.

“मॅडम, इकडे सगळे इंग्लिश अक्षरं आणि कंस दिसतायत. एक शब्द वाचता येत नाही.”

“आमच्याकडे नीट दिसतं.”

“तुमचा फॉन्ट जुना आहे ना, म्हणून. मी एका प्रोग्रामने बदलून बघितलं. ‘गर्दी’चं ‘गदीर्’ झालं, ‘मार्च’चं ‘माचर्’. वेलांट्या भलत्याच अक्षरांवर बसल्यात. प्रिंट तरी पाठवा, आम्ही इथे टाइप करून घेऊ.”

“प्रिंटरशी बोलणं त्याने केव्हाच सोडलंय,” टीचर म्हणाल्या.

“मग परत टाइप करावं लागेल, मॅडम. महिनाअखेरीपर्यंत जमलं तर ह्या वर्षी निघेल.”

फ्लॅवियाने आपला नवा लॅपटॉप दिला, त्यात टाइपरायटरच्या मांडणीची मराठी घालून. तो माझ्याशेजारी ठेवला. पण माझे झाकण एका हाताने धरून दुसऱ्या हाताने त्याच्यावर लिहिणे टीचरना जमेना. दोन दिवसांत त्यांची दोन पाने झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या जिन्यापाशी गेल्या आणि खाली वाकून म्हणाल्या, “वॉल्टर, जरा वर ये. हे धरायला कोणीतरी पाहिजे.”

वॉल्टर अंकल आले. त्यांनी फिटरच्या सवयीने माझी बिजागरी तपासली, मान हलवली आणि झाकण धरून बसले.

“नुसतं धरू नको, वाच,” टीचर म्हणाल्या. “मी लिहिते.”

अशा रीतीने, मित्रांनो, बायकोने बारा वर्षे लिहिलेले पुस्तक वॉल्टर अंकल पहिल्यांदा वाचू लागले. रोज तीन ते पाच. त्यांचे वाचन सपाट होते. स्वल्पविरामही ते मोठ्याने वाचत. “उंबराचं पाणी आणायला लग्नघरातल्या बायका विहिरीवर निघाल्या, स्वल्पविराम, पुढे बँडवाले, पूर्णविराम.” टीचर टाइप करत. दोघे एकमेकांकडे बघत नसत. अंकल माझ्याकडे बघत, टीचर नव्या पडद्याकडे. अठरा दिवसांत एकशे ऐंशी पाने झाली.

एकोणिसाव्या दिवशी रॉयस्टनचे प्रकरण आले. टीचरना ते ठाऊक होते. त्यांनी काही सांगितले नाही. अंकलनी नेहमीच्याच आवाजात सुरुवात केली.

“त्या गुरुवारी रॉयस्टनने निळा शर्ट घातला, पूर्णविराम. मित्राकडे वांद्र्याला जातो म्हणाला, पूर्णविराम. वांद्र्याला निघालेला मुलगा रे रोडला काय करत होता, हे मला आजवर कळलेलं नाही, पूर्णविराम.”

टीचरची बोटे शेवटच्या पूर्णविरामापर्यंत आली आणि थांबली. अंकल पुढे वाचेनात.

“निळा नव्हता,” ते म्हणाले. “हिरवा होता.”

“निळा. मी इस्त्री केलेली.”

“तो बदलून गेला. मी बघितलाय, सेलिना. मलाच दाखवला पोलिसांनी. हिरवा होता.”

टीचरनी ‘निळा’ खोडून ‘हिरवा’ लिहिले. “पुढे वाच.”

“वांद्र्याला नव्हता चालला.” अंकलनी धरलेले माझे झाकण पुढेमागे होत होते, त्यामुळे अक्षरे येत होती, जात होती. “माझा गोदीचा गेटपास घरी राहिला होता. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा. गेटवर साहेब बोलला. मी पोराच्या मोबाइलवर फोन केला. म्हटलं, खुंटीवर आहे, आण. आणि मम्माला सांगू नको, ओरडेल.”

वाडीत कोणाच्या तरी प्रेशर कुकरची शिटी झाली. टीचर नव्या पडद्याकडेच बघत होत्या.

“मग पास मिळाला तुला?” त्यांनी विचारले.

“संध्याकाळी. त्याच्या खिशात होता.”

टीचर रडल्या नाहीत. ओरडल्याही नाहीत. मला वाटले, आता त्या उठून खाली जातील. पण त्यांनी फक्त खुर्ची थोडी अंकलकडे सरकवली.

“बारा वर्षं,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, कोणी मुलगी असेल त्या बाजूला. माझ्यापासून लपवली असेल. बारा वर्षं मी ती मुलगी शोधते आहे, वॉल्टर. मासला आलेल्या प्रत्येक पोरीचं तोंड बघते.”

“मला बोलता आलं नाही.”

“मला विचारता आलं नाही.”

नंतर त्यांनी वांद्र्याचे वाक्य खोडले. रे रोडचेही खोडले. बोटे कळांवर ठेवून म्हणाल्या, “आता सांग. फोन केलास तेव्हा किती वाजलेले?”

“आठ वीस.”

“आवाज कसा होता त्याचा?”

“झोपेतला. ‘डॅडा, पुन्हा?’ म्हणाला. हसला.”

टीचरनी ते लिहिले. अंकल सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. त्या दिवशी माझ्यातले आणखी काही वाचायचे नव्हते, तरी अंकल माझे झाकण धरून होते. पाच वाजले, सहा वाजले. मीठ आणि हं, एवढेच बोलणारी ती दोन माणसे न थांबता बोलत होती.

पुस्तक वेळेवर दीपिकाकडे पोचले. मला आता कोणी उघडत नाही. येत्या शनिवारी निकामी यंत्रे गोळा करणारी गाडी वाडीच्या तोंडाशी येणार आहे. टीचरनी माझी वायर गुंडाळून माझ्यावर ठेवली आहे. मला त्याचे वाईट वाटत नाही. बरेही वाटत नाही.

मित्रांनो, आमची निगा राखा, असे मी सांगणार होतो. धूळ पुसा, फाइलच्या प्रती काढून ठेवा, अक्षरे वेळेवर नव्या यंत्रात न्या. हे कराच. पण आम्ही यंत्रे तेवढेच सांभाळतो, जे कोणी आमच्यात लिहिते. रॉयस्टन फोनवर झोपेतल्या आवाजात हसला होता, हे माझ्या दोनशे बारा पानांत कुठेच नव्हते. ते एका माणसापाशी होते, आणि तो माणूस बारा वर्षे जिन्याच्या खाली बसून होता. तुमच्या घरी असा कोणी असेल, तर त्याला आज वर बोलवा.