करवलीच्या गळ्यात माळ

बुटांच्या त्या कारखान्यात निर्णय आधी व्हायचा आणि नियोजन मागाहून. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटेल, पण तिथे यालाच सुलट म्हणत. धाकट्या साहेबांच्या डोक्यात एखादी गोष्ट आली की ती ठरलीच. मग नियोजन विभागातल्या ताईला, म्हणजे सगळ्यांच्या प्लॅनताईला, केबिनमध्ये बोलावणं जायचं आणि त्या ठरलेल्या गोष्टीच्या मागे उद्दिष्ट, गृहीतकं, पर्याय, तुलना, निवड असा सगळा थाट उभा करायला सांगितलं जायचं. धाकटे साहेब व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करून आले होते. पर्यायांचा विचार केल्याशिवाय नियोजन होत नाही हे त्यांनी तिथून घोकून आणलं होतं, आणि संचालकांपुढे तीन पर्याय ठेवलेच पाहिजेत असा दंडक घातला होता. विचाराचं तेवढं राहून गेलं होतं.

जो पर्याय आधीच ठरलेला असे त्याला ऑफिसात ‘नवरी’ म्हणत. नवरी उठून दिसावी म्हणून तिच्या शेजारी जे दोन बावळट पर्याय उभे करायचे, त्या ‘करवल्या’. ‘नवरी तयार आहे, संध्याकाळपर्यंत दोन करवल्या नटवून द्या,’ असा निरोप आला की प्लॅनताई कामाला लागायची. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. करवली फारच कुरूप झाली तर संचालकांना संशय येतो, आणि फार देखणी झाली तर पंचाईत होते. ताईला यातला मधला रंग अचूक साधायचा. शी, हे काय कसब म्हणायचं? तिचं तिलाच किळसवाणं वाटायचं. घरी गेल्यावर ती साबण लावून हात धुवायची, तरी बोटांना काहीतरी चिकटून राहिल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच खुर्ची, तोच कॉम्प्युटर आणि नव्या करवल्या.

कारखान्याच्या दर्शनी भागात भरपूर खिडक्यांची एक लांबरुंद खोली होती. तिथे कामगार बायांच्या मुलांचं पाळणाघर होतं. ताईची सख्खी धाकटी बहीण शिलाई विभागात मशीनवर बसायची आणि तिची लेक दिवसभर या पाळणाघरात असायची. पोर म्हणजे नुसती भिंगरी, आणि सगळे तिला हाकही त्याच नावाने मारत. मावशी दिसली की धावत येऊन आधी तिचा चष्मा ओढायचा, मग तो स्वतःच्या नाकावर उलटा लावायचा आणि साऱ्या खोलीभर पळत सुटायचं, हा तिचा रोजचा उद्योग. ताईचा जेवणाच्या सुट्टीतला अर्धा वेळ चष्मा परत मिळवण्यात जायचा, आणि दिवसातला तेवढाच वेळ तिला बरं वाटायचं.

एक दिवस धाकट्या साहेबांना त्या खोलीत ‘अनुभव दालन’ काढायची लहर आली. अनुभव दालन म्हणजे बुटांचं दुकानच, फक्त आपण विकायला बसलोय असं दिसू द्यायचं नाही. आता पाळणाघर कुठेतरी हलवणं आलं. ऑफिसच्या वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या रिकाम्या पडून होत्या. हवेशीर, पुढे गॅलरी, लागून मोरी. साहेबांनी त्याच ठरवल्या, आणि ताईला पहिल्यांदाच वाटलं की चला, या खेपेला नवरी तरी चांगल्या घरची आहे. तिने त्या पर्यायावर मनापासून मेहनत घेतली.

करवल्या मात्र लागणारच होत्या. पहिली होती गच्चीवरची पत्र्याची शेड. दुसरीसाठी ताईने चिकटकामाच्या शेजारची जुनी कोठी निवडली. चिकटकाम म्हणजे जिथे बुटांना तळ चिकटवतात तो विभाग. चिकटवायच्या त्या सोल्यूशनच्या वासाने नवा आलेला गडी दुपारपर्यंत ओकून मोकळा होतो, आणि मुरलेले लोकसुद्धा मधूनमधून तोंडं धुवायला बाहेर पळतात. कोठी आणि तो विभाग यांच्या मध्ये फक्त प्लायवूडचा एक पडदा. तिथे मुलं ठेवायचं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही, म्हणूनच तर ती करवली.

ताईने फायद्यांच्या रकान्यात लिहिलं की कोठी शिलाई विभागाला लागून आहे, त्यामुळे मूल आईच्या हाकेच्या अंतरावर राहील, दुरुस्ती फारशी नाही, काम लगेच होईल. तोट्यांच्या रकान्यात तिने सरळ लिहिलं होतं, ‘इथे माणूस गुदमरतो.’ धाकट्या साहेबांनी ते खोडलं. इतकं उघडं लिहिलं तर संचालक विचारतील की मग हा पर्याय ठेवलाच कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. तेव्हा ताईने तिथे घातलं, ‘वायुवीजन सुधारण्यास वाव.’ शब्द छान जमले म्हणून ती क्षणभर खूशही झाली, हे सांगायला नको, पण खरं आहे.

बैठकीत अध्यक्षपदी थोरले साहेब, म्हणजे धाकट्यांचे सख्खे काका. ते एरवी पहिल्या चहानंतर डोळे मिटायचे आणि सहीपुरते उघडायचे. त्या दिवशी त्यांची दाढ ठणकत होती, त्यामुळे झोप काही लागेना. नाइलाजाने त्यांनी समोरचा कागद वाचायला घेतला. वाचता वाचता त्यांचा चेहरा खुलला आणि त्यांनी नेमकं कोठीवर बोट ठेवलं. आया जवळ, खर्च नाही, काम लगेच, याहून चांगलं काय असतं, असं त्यांनी सगळ्यांना विचारलं. बाकीचे संचालक माना डोलवायलाच बसले होते, ते डोलले.

आता धाकट्यांनी तोंड उघडायला हवं होतं. त्यांनी उघडलंही, पण तेवढ्यात त्यांच्या मनात काय आलं ते ताईला त्यांच्या डोळ्यांत चक्क दिसलं. वरच्या खोल्या मोकळ्या राहतात, पुढे गॅलरी आहे, आणि आपली केबिन तशी अंधारीच. त्यांनी तोंड मिटलं आणि पाण्याचा घोट घेतला. ताईला त्या माणसाची अशी शिसारी आली की तिला समोर बसवेना. ती उठून उभी राहिली.

“साहेब, तो पर्याय निवडायचा नसतो,” ती म्हणाली. “ती करवली आहे.”

करवली म्हणजे काय, असं थोरल्यांनी विचारलं, आणि ताईने सगळं सांगून टाकलं. ठरलेलं आधीच ठरलेलं असतं, बाकीचे दोन नुसते दाखवायला असतात, ते मी नटवते, आणि त्या कोठीत मोठ्या माणसालासुद्धा भोवळ येते. तिला वाटलं, सुटले बाई. पण खरं बोलून तिने घात करून घेतला होता. थोरल्यांच्या कानात कोठीचा वास शिरलाच नाही. त्यांना एवढंच कळलं की आपल्याला बाहुला करून ठेवलं होतं.

“म्हणजे इतकी वर्षं तुम्ही सगळे मला खेळवत होता,” ते म्हणाले. “आता हाच पर्याय. या कंपनीत एक तरी निर्णय माझा होऊ दे.”

ताईने पुन्हा वासाचं काढलं, तेव्हा त्यांनी तिच्याच कागदावर बोट आपटलं. “तुम्हीच लिहिलंय ना, सुधारण्यास वाव आहे? मग सुधारा.”

बाहेर आल्यावर धाकट्यांनी तिला गोड बोलून गुंडाळलं. कोठीला हवा खेचून बाहेर टाकणारा मोठा पंखा बसवू, तो बसल्याशिवाय एकही पाळणा हलणार नाही, असा त्यांनी शब्द दिला. त्याच आठवड्यात दुसऱ्या गावच्या शाखेचा वार्षिक आराखडा जुळवायला तिची रवानगी झाली. निघण्याआधी धाकट्या बहिणीला सावध करायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगायचं म्हणजे ते लिहिलं कुणी, हेही सांगणं आलं. पंखा तर बसतोच आहे, मग उगाच कशाला, असं म्हणून तिने ते गिळलं आणि गाडीत बसली.

ती परतली तेव्हा दर्शनी खोलीत कोच लागले होते आणि काचेच्या कपाटांत बूट झळकत होते. पाळणाघर कोठीत गेलं होतं. पंख्याचं विचारलं, तर तो ‘दुसऱ्या टप्प्यात’ गेल्याचं कळलं. या कंपनीत दुसऱ्या टप्प्यात गेलेली वस्तू पुन्हा कुणाच्या नजरेस पडल्याचं ऐकिवात नव्हतं. ताई तशीच, बॅग खांद्यावर घेऊन, कोठीकडे धावली.

दारातच वास नाकात घुसला. आत मात्र पाळणाघराची आया हसऱ्या चेहऱ्याने बसली होती. पोरं बघा किती शहाणी झालीत, असं तिनेच कौतुकाने सांगितलं. पूर्वी कोण किंचाळतंय, कोण चावतंय, जीव नकोसा व्हायचा, आता दूध पितात की निजतात. सगळीकडे मुलं आडवी पडली होती. भिंगरी कोपऱ्यातल्या पाळण्यात डोळे अर्धे उघडे ठेवून पडली होती. ताईने हाक मारली, गाल थोपटला, शेवटी स्वतःच चष्मा काढून तिच्या हाताशी नेला. पोरीचा हात उचललासुद्धा गेला नाही. तिच्या केसांना, झबल्याला, श्वासाला, सगळ्याला सोल्यूशनचा वास येत होता.

ताईने तिला उचललं. निजू दे की, असं आया म्हणत होती, पण ताई तोवर ऑफिसच्या जिन्यावर पोचली होती.

वर आढावा बैठक चालू होती. धाकटे साहेब पडद्यावर काठी टेकवून यशाचे मुद्दे सांगत होते, आणि त्या क्षणी पडद्यावर होतं, ‘पाळणाघरातील शांततेत लक्षणीय वाढ.’ ताईने ते वाचलं. कुणाला काही न विचारता ती सरळ थोरल्या साहेबांपाशी गेली आणि तिने भिंगरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“हा तुमचा निर्णय,” ती म्हणाली. “उठवून दाखवा.”

थोरले आधी गोंधळले, मग ओशाळं हसले, मग त्यांनी ‘बाळ, ए बाळ’ करून पाहिलं. पोरीची मान त्यांच्या दंडावर कलंडली. त्यांनी तिला जरा हलवलं, तशी तिला उमळून आलं आणि ती सकाळचं सगळं दूध त्यांच्या कोटावर भडाभडा ओकली. धाकटे साहेब ओरडले ते गालिचा सांभाळा म्हणून. ताईने ते ऐकलं आणि तिला वाटलं, या माणसाच्या ताटाला ताट लावून आपण जेवलोय.

थोरल्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन्ही हातांनी पोरीला अंगापासून लांब धरून, आजच्या आज मुलं तिथून हलवा, असं ते कसंबसं म्हणाले. धाकट्यांनी लगेच मान डोलावली. हलवू, जरूर हलवू, पण काम रीतसर व्हायला हवं. मग ते ताईकडे वळले आणि म्हणाले, “ताई, तीन पर्याय लागतील. उद्यापर्यंत होतील ना?”

ताईने भिंगरीला परत घेतलं. “तुमचे पर्याय तुम्हीच लिहा,” असं म्हणून ती खाली उतरली.

शिलाई विभागात तिने सगळी मशीनं बंद करायला लावली आणि पोरांच्या आयांना एकदम सांगितलं, की पोरं उचला आणि वरच्या खोल्यांत चला. आधी पोरं गॅलरीत निजवली, मग बाया पाळणे आणायला फिरल्या. वॉचमनने लेखी हुकूम मागितला, तर एका बाईने पाळण्याचं एक टोक त्याच्याच हातात दिलं. गॅलरीत वारा लागल्यावर भिंगरीने पाणी मागितलं आणि ती गळा काढून रडायला लागली. आजवर ताईने तिला कितीदा गप्प केलं असेल, पण आज तिला त्या रडण्याने हायसं वाटलं. धाकटी लेकीला खांद्यावर थोपटत उभी होती. ती ताईकडे बघत नव्हती.

“तू गेल्यावर नोटीस लागली,” धाकटी हळू आवाजात म्हणाली. “मूल आईच्या हाकेच्या अंतरावर, वगैरे. खाली नियोजन विभाग. वासाला घाबरून बाया नको म्हणत होत्या. मीच एकेकीला जाऊन पटवलं. म्हटलं, हे माझ्या ताईने लिहिलंय. ती भिंगरीला वाईट जागा देईल का?”

ताईला सांगायचं होतं की ते खरं लिहिलेलं नव्हतं, ते निवडण्यासाठी नव्हतंच. वाक्य मनात पुरं झालं आणि तिचं तिलाच इतकं ओंगळ वाटलं की तिने ते तसंच ठेवलं. ती खाली जाऊन कोठीतला एक पाळणा जिन्यापर्यंत घेऊन आली.

पाळणे लोखंडी होते, जिना एकटीने चढवण्यासारखे नव्हते. बाया दोघी दोघी मिळून चढवत होत्या. ताई एक टोक धरून पायरीशी उभी राहिली. तेवढ्यात धाकटी लेकीला कडेवर घेऊन खाली आली. ताईने तिच्याकडे पाहिलं. धाकटीने भिंगरीला दुसऱ्या कडेवर घेतलं, ताईला वळसा घातला आणि मागून येणाऱ्या बाईच्या पाळण्याला हात लावला.

ताईने पाळणा एकटीनेच पहिल्या पायरीवर ओढला.