आवडाबाईची तिसरी चूल

वकिलांनी आयकराची नोटीस काळुरामला वाचून दाखवली.

"भाताला माफी आहे," टेंभी नाक्यावरचे वकील म्हणाले. "पण मीठ म्हणजे शेती नव्हे. मिठागराच्या उत्पन्नावर आयकर लागतो."

"साहेब, बापजाद्यांची जमीन. खाडीचं पाणी घेतो, उन्हात पिकवतो. मग शेती नाय तर काय?"

"कायदा तसं मानत नाही."

एकावन्न साल. बाप गेल्यापासून कोलशेतचं मिठागर काळुरामच्याच हातात होतं. तिथं मीठ ओढून मजूर पंढरीच्या हातांना घट्टे पडले होते; पण त्याची कमाई कराच्या मर्यादेच्या आसपासही नव्हती. काळुरामला आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हेवा वाटला.

वकिलांनी वाट दाखवली. एकत्र कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेवर जातं. वाटणी केली तर काळुराम, धाकटा रघु आणि त्यांची आई आवडाबाई, असे तीन समान वाटे. एकेकाचा वाटा मर्यादेच्या आत. "मात्र वाटणी खरी हवी. कागदावर तीन वाटे आणि घरात एक चूल, हे चालायचं नाही. चौकशी होते."

बांध घालून आगराचे तीन भाग झाले. घरातली जुनी चूल काळुरामच्या बायकोकडे, सगुणाकडे राहिली. रघुने पडवीत चूल मांडली. आवडाबाईने मागच्या खोपीत. कागदावर अंगठा उठवताना तिने एवढंच विचारलं, "ह्यो तुकडा माझ्या नावावर?"

"नावापुरता गं," काळुराम म्हणाला. "पण कुणी विचारलं तर सांगायचं, वाटणी खरी आहे."

चौकशीला अधिकारी आले. खोपीत वाकून त्यांनी विचारलं, "आजी, वेगळं रांधता?"

"रांधते. मीठही माझं मीच विकणार."

काळुराम मनात म्हणाला, म्हातारी पक्की निघाली! अधिकारी वळणाआड गेल्यावर तो हसत खोपीत आला. "झालं काम, आये. चल, सगुणाने वाढलंय."

"तुमी जेवा. मी माझं रांधलंय."

"अगं, ते गेले!"

"गेले तर गेले. वाटणी खरी पायजे, तूच म्हनलास ना?"

आवडाबाई शांतपणे भाकरी थापत राहिली. "बायजाला नवऱ्याने टाकली तवा तुला म्हनलं, बहिनीला घरी आन. तू म्हनलास, जागा नाय. लुगडं घ्यायचं तरी तुझ्याकडं हात पसरला. आता नाय."

"आये, लोक काय म्हणतील? आईला वेगळी काढली म्हणतील!"

"सांग त्यांना, तीच निघाली."

आठवड्याभरात ती एकटी कल्याणला गेली आणि बायजाला घेऊन आली. पंढरीला तिने काळुरामपेक्षा जास्त मजुरी देऊ केली. तोही तिच्या बांधावर गेला.

पावसाच्या तोंडावर हुकूम आला. वाटणी मंजूर, तिघांपैकी कुणालाच कर नाही. कागद घेऊन काळुराम खोपीकडे गेला. बायजा पोत्यांची तोंडं शिवत होती. त्याला बघून ती उठली नाही.

आवडाबाईने घोंगडी झटकून अंथरली. "बस. चहा घेशील का?"

आपल्याच आईने पाहुण्यासारखं विचारलं, म्हणून तो कागद हातात धरून तसाच उभा राहिला.