नीरेकाठची नक्कल

“खालचा थर पातळ, वरचा तेलकट. उलटं केलंत तर चित्र वर्षभरात तडकेल,” असं फडतरेसरांनी इंदिराताईंना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बारामतीच्या त्या चित्रकलेच्या वर्गात त्यांनी सरांचं निरवांगीच्या नीरा नदीचं चित्र सहा वर्षांत चारदा उतरवलं. दिवाळीनंतर आलेल्या वल्लरीने मात्र पहिल्याच छोट्या नकलेत पाण्यावरचा उजेड असा धरला, की सर म्हणाले, “इंदापूरच्या प्रदर्शनात माझ्या चित्राशेजारी हिचीच मोठी नक्कल लावू.” इंदिराताईंनी हसून मान डोलावली, पण आत नुसता जाळ झाला.

सोमवारी सर नव्हते. वल्लरी मोठ्या कॅनव्हासवर पहिलाच थर देताना जवसाचं तेल भडाभडा ओतत होती.

“काकू, रंग कसा लोण्यावानी सरकतोय बघा! एवढं तेल चालंल न्हवं?”

इंदिराताईंचं सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन असे. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“अगं बाई, आज मौन हाय व्हय! मग सुटल्यावर सांगा. विसरायचं न्हाय हां.”

त्यांनी होकार दिला. मौनात लिहून सांगायची वही पिशवीतच होती; ती काही त्यांनी बाहेर काढली नाही.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला. मौन नामस्मरणाने सोडायचं, तर मनात एकच घोळत होतं, तडकू दे. त्या दचकल्या. महादेवाच्या नावाखाली आज आपण काय पाळलं, हे त्यांना लख्ख कळलं.

मग घरात कुणाला काही न सांगता त्या चपला घालून पिंपळीच्या रिक्षात, वल्लरीकडे जायला बसल्या.