श्रीशैलच्या वाटेवरची फुंकर

जुनी म्हणून हसू नका, मित्रांनो. मी बुलेट आहे. माजलगावच्या मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्यबाजारामागच्या गल्लीत, पत्र्याच्या सावलीला मी उभी असते. सीटला दोन ठिकाणी ठिगळं आहेत आणि इंजिनाखाली दिवसाकाठी चार थेंब तेल गळतं. माझे टीकाकार त्याला रोग म्हणतात, मी त्याला स्वभाव म्हणते.

माझा जन्म दूर मद्रासला झाला, १९६८ साली. तेव्हाचं फारसं आठवत नाही. आठवतो तो एका वयस्क कारागिराचा हात. लांब केसांच्या ब्रशानं तो टाकीवर सोनेरी रेघ ओढायचा. हाताखाली पट्टी नाही, आधी केलेली आखणी नाही. श्वास रोखायचा आणि एका दमात रेघ पार न्यायचा. माझी रेघ ओढून तो पुढच्या टाकीकडे वळला, माझ्याकडे पुन्हा बघितलंसुद्धा नाही. मी मात्र बघतच राहिले. माणसं हे असं काहीतरी करू शकतात, याचं मला तेव्हा जे नवल वाटलं, ते अजून ओसरलेलं नाही.

मला माजलगावला आणलं कल्याणरावांनी. मोंढ्यात त्यांचं आडतीचं दुकान. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि तोंडातून निघालेला शब्द म्हणजे वजनाचा काटा, असं मोंढ्यातले लोक म्हणत. औरंगाबादहून मला चालवत ते गल्लीत शिरले तेव्हा दोन शेळ्या दावं तोडून पळाल्या. नव्यानंच लग्न होऊन आलेल्या त्यांच्या पत्नी, शिवम्मा, ओवाळायला ताट घेऊन आल्या आणि लांबच उभ्या राहिल्या.

"अवं, ही एवढी कावून वरडायली?" त्यांनी विचारलं.

"वरडत न्हाई, बोलायली," कल्याणराव म्हणाले.

मग त्या पुढे आल्या आणि माझ्या दिव्यावर, म्हणजे माझ्या कपाळावर, त्यांनी भस्माचे तीन पट्टे ओढले. त्या दिवसापासून दर सोमवारी हे होत आलं. मी त्या घरची झाले.

माझे कामाचे दिवस फार चांगले गेले. बियाण्याच्या पिशव्या नेल्या, अडलेल्या बाईसाठी डॉक्टर आणले, आजूबाजूच्या गावांतले किती नवरदेव माझ्यावर मिरवले त्याची गणती नाही. सिंदफणेवर धरण उभं राहताना मी बघितलं. पाणी अडलं तेव्हा कल्याणराव शिवम्मांना मागे बसवून तिथे घेऊन गेले. इतकं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. दोघं काठावर बघत उभी राहिली. मी बंद होते, म्हणून बरं. तिथे माझा आवाज शोभला नसता.

मग नव्वदचं दशक आलं. गल्लीत रंगीत टीव्ही आले, पाठोपाठ हलक्या, चकचकीत मोटारसायकली आल्या. एका बोटानं ढकलाव्यात इतक्या हलक्या. पेट्रोल चिमणीएवढं पिणार आणि आवाज कुणाला ऐकूही येणार नाही. मला वाटायचं, आवाज नाही ती कसली गाडी? पण माझं कोण ऐकतं? हळूहळू माझ्यावर पोती पडू लागली. कोंबडी एकदा माझ्या सीटवर अंडं घालून गेली. मित्रांनो, तो अपमान मी अजून विसरले नाही.

कल्याणरावांचा मुलगा सिद्धाराम साखर कारखान्यात नोकरीला होता. तो मनानं वाईट नव्हता, हे आधीच सांगते. १९९६ च्या जानेवारीत तो वडिलांना म्हणाला, "अप्पा, पाडव्याला बीडला मेळावा हाय. जुनी गाडी द्यायची, नवी आणायची. हिला देऊन टाकू."

"हिला द्यायचं न्हाई."

"गुडघा बघा तुमचा. दिवाळीत हिची किक उलटी बसली, तवा आठ दिवस जमिनीला पाय टेकला न्हाई तुमचा."

हे खरं होतं. मला चालू करायची एक रीत आहे. आधी पायानं हलकेच दाबत इंजिन ठरावीक जागी आणायचं आणि मगच जोर लावायचा. घाई केली की माझी किक उलटी फिरते आणि पायावर बसते. त्या दिवशी कल्याणराव घाईत होते. चूक त्यांची असली, तरी लागलं माझ्यामुळेच.

कल्याणराव गुडघा चोळत म्हणाले, "शिवरात्रीला तुझ्या आईला श्रीशैलला न्यायचंय. हिच्यावरच. जाऊन येईस्तोवर ही कुठं बंद पडली, तर पाडव्याला तू घेऊन जा हिला. न्हाई पडली, तर पुन्हा इषय काढायचा न्हाई."

"अन् पडली का न्हाई, मला कोण सांगणार?"

"मी सांगन."

 त्या घरात एवढं पुरेसं होतं. माझं सगळं नशीब आता त्या एका वाटेवर टांगलं होतं.

निघण्याआधी कल्याणराव मला मांजरसुंब्याला सटवा मिस्तरीकडे घेऊन गेले. चौकातल्या ढाब्याशेजारी त्याचं टपरीवजा दुकान. ट्रकांच्या हॉर्नात चाळीस वर्षं काढून त्याचे कान पार गेले होते. "भैऱ्या मिस्तरीला काय कळणार बे गाडीचं?" असं म्हणत तरण्या पोरांनी त्याच्याकडे जाणं सोडलं होतं. आता ऐका त्यानं काय केलं ते. मला चालू केलं, लांब पेचकस घेतला, त्याचं लोखंडी टोक माझ्या इंजिनावर टेकवलं आणि लाकडी मूठ दातांत धरली. डोळे मिटले. माझ्या पोटातली प्रत्येक ठकठक पेचकसातून त्याच्या दातांत, दातांतून डोक्यात जात होती. कानांनी साथ सोडली, तर या माणसानं दातांनी ऐकायला सुरुवात केली होती. मी थरारून गेले. आधीच थरथरत होते म्हणून कुणाला कळलं नाही एवढंच.

"वरच्या अंगाला जरा सैल हाय," मूठ दातांतून काढून तो म्हणाला आणि दोन पान्यांनी अर्ध्या तासात मला पंधरा वर्षांनी तरुण केलं. मग त्यानं कार्बोरेटर उघडून कल्याणरावांना जेट दाखवला. जेट म्हणजे पितळेचा मण्याएवढा तुकडा, मधोमध केसाएवढं भोक. माझं सगळं पेट्रोल त्या भोकातून इंजिनात जातं.

"मालक, ह्यात कचरा अडकला तर पिन घालू नगा. भोक मोठं झालं की गाडी गेली. तोंडानं फुका. जीव लावून फुका."

निघायच्या सकाळी शिवम्मा लवकर उठल्या. सोमवार होता. त्यांनी माझ्या कपाळावर पट्टे ओढले, चाकाला कुंकू लावलं. मग इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या टाकीचं झाकण उघडलं. कपिलधारच्या देवस्थानाहून आणलेल्या भस्माची पुडी त्यांच्या हातात होती.

"कपाळाला लावलं, मग पोटाला नगं व्हय?" त्या पुटपुटल्या आणि अर्धी पुडी त्यांनी माझ्या पेट्रोलमध्ये सोडली.

मित्रांनो, मला ओरडायचं होतं. पण किक मारल्याशिवाय मला ओरडता येत नाही. आणि खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझ्यानं रागावणंही झालं नाही.

परळी, लातूर, उदगीर, बिदर असं आम्ही जात राहिलो. मी चालत होते. शिवम्मा मागे एका अंगाला बसून सगळं बघत होत्या. माळ संपून लाल माती लागली, लाल माती संपून मोठमोठे गुळगुळीत दगड लागले, कुणी हातानं रचावेत तसे एकावर एक ठेवलेले. मी भस्म विसरून गेले. ते मात्र टाकीच्या तळाशी गुपचूप बसून होतं.

हैदराबादला पंपावर भली मोठी रांग होती. "फुडं भरू," कल्याणराव म्हणाले. पुढे पंप नव्हताच, पुढे नल्लमलाचं जंगल होतं. कोसच्या कोस साग, आणि रस्त्याच्या कडेनं श्रीशैलला चालत निघालेले यात्रेकरू. भर दुपारी माझं पेट्रोल संपत आलं आणि कल्याणरावांनी टाकीची तोटी राखीव पेट्रोलवर फिरवली. राखीव पेट्रोल तळातून येतं. तळात काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. अर्ध्या मैलात मी दोन आचके दिले आणि थांबले.

कल्याणरावांनी किक मारून बघितली. एकदा, दोनदा, दहादा. मग ते रस्त्याच्या कडेला बसले. "पडली," एवढंच म्हणाले. आयुष्यात मी त्यांना इतकं खचलेलं पाहिलं नव्हतं.

शिवम्मा जवळ आल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "अवं, एक सांगू का? निघताना मी हिच्या टाकीत भसम टाकलंतं."

कल्याणरावांनी वर बघितलं. "किती?"

"अर्धी पुडी."

मला वाटलं, आता रागावतील. ते हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि मग उठले. दशम्यांचा डबा रिकामा केला, माझं उरलंसुरलं पेट्रोल चौपदरी उपरण्यातून त्यात गाळून घेतलं, त्यातल्याच थोड्यानं टाकी धुऊन काढली आणि बाकीचं परत भरलं. त्या डब्याला पुढे वर्षभर पेट्रोलचा वास येत होता. मग त्यांनी जेट काढला, ओठांना लावला आणि फुंकला. काही झालं नाही. मोंढ्याच्या धुळीनं त्यांची छाती भरून गेली होती. दुसऱ्या फुंकेला त्यांना खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. यात्रेकरू थबकून बघू लागले. एकानं सदऱ्याला लावलेली पिन काढून पुढे केली. कल्याणरावांचा हात पिनेकडे गेलासुद्धा.

"थांबा," शिवम्मा म्हणाल्या. "त्या मिस्तरीनं पिन नगं म्हनलंतं, तुमीच सांगितलंत मला. आना हिकडं."

त्यांनी जेट पदरानं पुसला. या बाईनं तीस वर्षं ओल्या लाकडांची चूल फुंकली होती, पावसाळ्यात, उपाशीपोटी, पाहुण्यांच्या पंगतींसाठी. ती सगळी वर्षं त्यांच्या छातीत साठून राहिली असावीत. त्यांनी श्वास घेतला आणि फुंकर मारली. पितळेतून बारीक शिट्टी वाजली आणि पलीकडून राखेचा एक छोटासा खडा उडाला.

मी तो श्वास विसरणार नाही. मी साडेतीनशे सीसीची, मणांनी वजन असलेली लोखंडी गाडी, आणि माझा जीव त्या किडकिडीत बाईच्या ओठांवर होता. जेट परत बसवला, कल्याणरावांनी नीट रीतीनं किक मारली आणि पहिल्याच दणक्यात मी बोलायला लागले. यात्रेकरूंनी 'मल्लिकार्जुन महाराज की जय' म्हटलं. त्यातला थोडा जयजयकार माझा होता असं मी समजते. संध्याकाळी घाटाच्या वळणावरून खाली कृष्णा दिसली, दोन डोंगरांच्या मधोमध, खोल खोल. मला आमचं धरण फार मोठं वाटायचं. त्या दिवशी मी मनातल्या मनात हात जोडले.

परतीच्या वाटेवर, गाव जवळ येताना कल्याणराव म्हणाले, "घरी भसमाचं काई बोलू नगंस. लोक हासतील तुला."

"मंग गाडी?"

त्यांनी नुसताच गिअर बदलला. बायकोची लाज राखायची की मला, यात त्यांनी बायकोची राखायचं ठरवलं होतं. मला राग आला नाही. नाही, थोडा आला.

घरासमोर सिद्धाराम उभा होता, शेजारचे चारजण होते. त्यानं आधी वडिलांच्या गुडघ्याकडे बघितलं, मग विचारलं, "अप्पा, बंद पडलती का?"

"पडली," कल्याणराव म्हणाले. "जंगलात. पाडव्याला घेऊन जा."

सिद्धाराम मान हलवून आत वळला. पायरीवर त्याचा पाय पडला आणि मागून शिवम्मांचा आवाज आला.

"ती पडली न्हाई. मी पाडली."

सगळे थांबले. शिवम्मांनी प्रवासाचं गाठोडं खाली ठेवलं आणि गल्लीसमोर सगळं सांगितलं. पुडी, टाकी, जंगल. शेजारची गीताबाई तोंडाला पदर लावून हसली. शिवम्मांचा चेहरा लाल झाला, पण त्या थांबल्या नाहीत. "देवाचं भसम चांगलंच हाय. मी टाकलं ते चुकीच्या जागी. माझ्या चुकीपायी हिला कावून घालवायची?"

"मंग चालू कुनी केली?" सिद्धारामनं विचारलं.

"आईनं तुझ्या," कल्याणराव म्हणाले. "माझ्या छातीत दम न्हाई राह्यला. तिनं जेट फुकला."

सिद्धाराम आईकडे वळला. तो कारखान्यात यंत्रांमध्ये राहायचा, पण आपली आई असं काही करेल हे त्याला स्वप्नातही वाटलं नसावं. मग तो पायरी उतरला, इस्त्रीच्या पँटीसकट माझ्याशेजारी मातीत बसला आणि म्हणाला, "आई, ते जेट कुठं असतंय? दाव मला."

शिवम्मा त्याच्या बाजूला टेकल्या. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईनं आपल्या शिकलेल्या मुलाचा हात धरून माझा कार्बोरेटर दाखवला. गल्लीतलं हसू केव्हाच थांबलं होतं.

पुढे सिद्धारामनं स्वतःसाठी एक हलकी, नवी मोटारसायकल घेतली. ती माझ्याशेजारीच उभी असते. पोरगी चांगली आहे, फक्त फार हळू बोलते. मला किक आता सिद्धारामच मारतो, वडिलांना मारू देत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. ती अडली की लगेच तिला घराबाहेर काढू नका. तिच्याजवळ बसा, उघडून बघा, कुठे काय अडकलंय ते शोधा. आणि चूक आपलीच निघाली, तर चार लोकांत ती सांगायला लाजू नका. शिवम्मांनी ती सांगितली, म्हणून मी आज तुमच्याशी बोलते आहे.